‘रोजचंच काम केलं’ म्हणणाऱ्या सेटरला

प्रश्न : सांगलीहून मेकॅनिकल डिप्लोमा करून मी तीन वर्षं भोसरीत सीएनसी टर्निंगवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) सेटर आहे, म्हणजे नवा पार्ट लागला की मशिन त्यासाठी जुळवून देतो. नोकरी बदलायची आहे. पण मी रोजचंच काम केलं, रेझ्युमेत कामगिरी म्हणून काय लिहू?

उत्तर : तुझा रेझ्युमे वाचला. ‘मशिन चालवणे, सेटिंग करणे, इन्स्पेक्शन करणे, सुपरव्हायझरच्या सूचना पाळणे.’ या चार ओळी शेजारच्या मशिनवरच्या मुलालाही जशाच्या तशा लागू पडतात. पण पत्राच्या शेवटी तू सहज लिहून गेलास, की जॉ (पार्ट पकडणारे जबडे) आणि इन्सर्ट (धातू कापणारी पाती) शोधण्यात वेळ जायचा म्हणून तू पार्टनुसार ट्रॉली लावलीस आणि दीड तासाचं सेटिंग आता पन्नास मिनिटांत होतं. अरे, हेच तर लिहायचं! ते रेझ्युमेत कुठेच नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

रेझ्युमे इंग्रजीत करशील, पण वाक्य आधी मराठीत पक्कं कर : ‘पार्टनुसार जॉ-इन्सर्टची ट्रॉली लावून सेटिंगचा वेळ 90 वरून 50 मिनिटांवर आणला, रोजच्या दोन सेटिंगमध्ये मशिनची 80 मिनिटं वाचली.’ दिवसाला दोन सेटिंग मी धरली आहेत. तुझ्याकडे एकच होत असेल तर 40 लिही. मशिन चालू असतानाच पुढच्या पार्टची तयारी करून ठेवणं हा शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याच्या, सेटिंगचा वेळ कमी करायच्या ‘एसएमईडी’ पद्धतीचा गाभा आहे. तू ते नाव न ऐकता केलंस. आता ती पद्धत नीट वाच, समजली की मगच तो शब्द रेझ्युमेत घाल. प्रॉडक्शनच्या माणसाची नजर तिथे थांबते.

‘रिजेक्शनही बरंच कमी झालं’ असं तू म्हणतोस. ‘बरंच’ म्हणजे किती? ट्रॉलीच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन महिने रिजेक्शन रजिस्टरमध्ये बघ. शंभर पीसमागे चाराचे तीन झाले असतील तर ‘25 टक्के घट’ हे हिशेबाने बरोबरच, पण नुसती टक्केवारी ऐकून समोरचा ‘किती पीसमागे?’ असं विचारणारच. म्हणून दोन्ही आकडे दे. रजिस्टरचे फोटो काढू नकोस, ग्राहकाचं नाव आणि ड्रॉइंग नंबर कुठेही नको. नेमका आकडा मिळाला नाही तर ‘सुमारे’ लिही किंवा ती ओळ सोडून दे.

ट्रॉली मेंटेनन्सवाल्यांनी वेल्डिंग करून दिली, हेही तू लिहिलं आहेस. मग ‘मेंटेनन्सच्या मदतीने’ हे दोन शब्द घाल. त्याने तुझं श्रेय कमी होत नाही. कारण मुलाखतीत ‘सॉफ्ट जॉ बोअरिंग (मऊ जबडे पार्टच्या मापाला कापून घेणं) कसं करायचास?’ असं विचारलं की खरं काम केलेला मुलगा लगेच ओळखू येतो.

नव्या दोन ऑपरेटरना तू सेटिंग शिकवलंस, त्याचीही एक ओळ कर : किती दिवसांत ते एकटे सेटिंग करू लागले? तो आकडा त्यांनाच विचार.