फोटोत लिहिलेलं नाव राहतं कुठे?

प्रश्न : मोबाइलचे, जुन्या कॅमेऱ्याचे आणि आईच्या अल्बममधून स्कॅन केलेले मिळून नऊ हजार फोटो झालेत. पूर्वी पिकासा वापरायचो. कोण, कुठे, कधी याची नोंद ठेवता येईल आणि थोडा उजेड-रंग सुधारता येईल असं काही सुचवा. दरमहा पैसे भरायचे नाहीत.
– एक वाचक, मिरज

उत्तर : पिकासा हे गूगलचं फोटो लावायचं सॉफ्टवेअर २०१६ मध्ये बंद झालं, तरी त्याची आठवण काढणारं पत्र अजून येतंच. तुम्ही डिजीकॅम हे सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, विंडोजवर चालतं, चेहरे ओळखून गठ्ठे लावून देतं. दिसायला गबाळं आहे, पहिले दोन दिवस वैतागाल.

आधी माझी फजिती ऐका. बाबांचे साडेसहाशे फोटो मी एका मे महिन्यात स्कॅन केले. आत्या शेजारी बसून सांगायची, ‘ही बाळंतपणाला आलेली कुसुम, मागे तिचा दीर.’ मी टाइप करायचे. पुढे कॉम्प्युटर बदलला, फोटो पेनड्राइव्हवरून नव्यावर आणले. फोटो आले, नावं नाहीत. ती त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या वहीत होती आणि वही जुन्या मशीनबरोबर विकली गेली. आत्या तोवर गेली होती.

म्हणून डिजीकॅमच्या सेटिंग्जमध्ये मेटाडेटा (म्हणजे फोटोसोबतची माहिती) उघडा आणि टॅग (ओळखीचे शब्द), मजकूर, चेहऱ्यांची नावं फाइलमध्येच लिहायला सांगा. मग एकाच जेपेग फोटोला टॅग द्या, तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्या आणि प्रॉपर्टीजमध्ये दिसतो का बघा. दिसला, तरच बाकीच्यांना हात लावा. पैसे भरून लाइटरूम हे फोटो-सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनाही मी हेच सांगते. तिथेही नोंदी आधी कॅटलॉगात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वहीत जातात, फोटोत लिहायला वेगळं सांगावं लागतं.

उजेड-रंगाला डिजीकॅमचा एडिटर पुरतो. सुधारलेली प्रत मात्र वेगळ्या नावाने ठेवा. जेपेग बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा बिघडतो. कॅमेऱ्याचे रॉ (जेपेग न केलेले, कच्चे) फोटो असतील तर डार्कटेबल, तेही फुकट. ते मूळ फोटोला हात लावत नाही, बदल शेजारच्या एक्सएमपी फाइलीत लिहितं. फोटो हलवलात तर तीही हलवा.

आईच्या फोटोंवर स्कॅनच्या दिवसाची तारीख दिसेल; ती डिजीकॅममध्येच बदलता येते. नुसतं साल ठाऊक असेल तर मी १ जानेवारी टाकते आणि मजकुरात ‘अंदाजे’ लिहिते. त्यामुळे आमच्याकडे निम्म्या लोकांची लग्नं १ जानेवारीलाच लागलेली आहेत.