आधी आतले कपडे घे, बाहेरचे मी बघते

चि. सौ. मुलीस अनेक आशीर्वाद.

तू फोनवर पाठवलेली गरोदरपणातल्या कुर्त्यांची छायाचित्रे पाहिली. एक १,२०० रुपयांचा, एक १,६०० चा आणि एक तर २,४०० चा, ज्याच्या योकला दूध पाजण्यासाठी दोन लपलेल्या चेन आहेत एवढेच त्याचे कौतुक. "काकू, यांतला कोणता घेऊ?" असे तू विचारतेस, आणि त्याच निरोपाच्या शेवटी, जाता जाता, लिहितेस की ब्राचा पट्टा रुततो, डोंबिवलीहून दादर येईपर्यंत बरगड्यांखाली आग होते, पण थोडे दिवस काढायचे म्हणून काढते आहेस. मुली, जे काढायचे म्हणून काढते आहेस त्यावर आधी पैसे घाल. त्या तिघांपैकी एकही कुर्ता घेऊ नकोस. आधी आतले कपडे घे.

तुझ्याकडे यासाठी ३,००० रुपये आहेत, आणि ते पुरतात. पोट दिसू लागण्याच्या कितीतरी आधी छाती भरू लागते, आणि पुढे बरगड्यांचा घेरही वाढतो, त्यामुळे लग्नाच्या वेळच्या मापाची ब्रा पाचव्या महिन्यात बसेल ही अपेक्षाच करू नये. दुकानात जाण्यापूर्वी टेपने दोन मापे घे, एक छातीच्या अगदी खाली आणि दुसरे छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून. तार नसलेली, रुंद पट्ट्यांची सुती ब्रा माग, आणि आत्ता घेताना ती सर्वांत आतल्या, म्हणजे घट्ट हुकावर नीट बसते का ते घालून पाहा, कारण घेर वाढेल तसतसे तुला बाहेरच्या हुकांवर यायचे आहे. दूध पाजण्याच्या ब्रा आठव्या महिन्यानंतर घे. त्या मात्र बाहेरच्या हुकावर बसणाऱ्या असाव्यात, कारण बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर पुन्हा उतरतो. अशा चांगल्या तीन ब्रा आणि पोटाखाली बसणाऱ्या सहा सुती पँटी, एवढे झाले की निम्म्याहून अधिक पैसे संपतील. संपू देत. जुन्या ब्रा टाकू नकोस. मॅचिंग सेंटरमध्ये हुकांची जोडपट्टी मिळते, ती लावून त्या घरात चालतात.

बाहेरच्या कपड्यावर खर्च करायला घरात कोणाची हरकत नसते, कारण तो चारचौघांना दिसतो. माझ्या पहिल्या खेपेला माहेर आणि सासर मिळून साड्यांची चळत जमली होती, आणि आत मी सेफ्टी पिनांनी धरलेली उसवलेली बॉडी, म्हणजे तेव्हाची ब्रा, घालून शिवणाच्या मशीनवर बसत होते. सासूबाईंकडे साडी मागता येत असे, बॉडीसाठी पैसे मागायला जीभ रेटत नसे. ती वाळत घालायची तीसुद्धा मोरीतल्या दांडीवर, टॉवेलाखाली, म्हणजे ऊन नाही की वारा नाही, आणि सकाळी तशीच दमट अंगावर चढवायची. मग जांघेत आणि छातीखाली खाज सुटली की ती गरोदरपणाचीच म्हणून सोसायची. या दिवसांत बुरशीचा संसर्ग एरवीपेक्षा सहज होतो आणि ओलसर, नायलॉनच्या कपड्यांनी तो वाढतो, हे मला त्या वेळी कोणी सांगितले नाही. त्या साड्यांपैकी काही अजून घडी न मोडता कपाटात आहेत, आणि त्या दिसल्या की मला आजही राग येतो. म्हणून तुला बजावते, आधी आतले कपडे घे, आणि ते गॅलरीतल्या दोरीवर, उन्हात, सर्वांच्या देखत वाळत घाल. जावेने नाक मुरडले तर मुरडू दे.

राहिला प्रश्न कुर्त्यांचा. शिंप्याने शिवलेल्या ड्रेसच्या बाजूच्या शिवणीत इंच-दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेले जास्तीचे कापड, ठेवलेली असते. ती उसवून बाहेरून टीप मारली की सातव्या महिन्यापर्यंत काळजी नाही. तयार कुर्त्यात माया जवळजवळ नसतेच, पण त्याला काखेपासून बाजूच्या कटापर्यंत उसवून ओढणीच्या कापडाची कळी घालता येते, वर निमुळती आणि खाली रुंद. पोट पुढे आले की कुर्त्याची पुढची बाजू उचलली जाते आणि तो पुढून आखूड, मागून लांब दिसू लागतो. त्यासाठी पुढच्या घेराला दोनेक इंचांची पट्टी जोडायची, मागच्या घेराला हात लावायचा नाही. सलवारीची नाडी काढून नेफ्यात रुंद, मऊ इलॅस्टिक घाल. ऑफिसच्या पँटचा कमरपट्टा पुढून कापून त्या जागी नवऱ्याच्या जुन्या टी-शर्टचे ताणले जाणारे कापड जोडता येते, फक्त त्यावर साधी टीप नको, झिगझॅग हवी, नाहीतर तू खाली बसताच दोरा तुटेल. वरून कुर्ता असतो, ते कोणाला दिसत नाही. हे कपडे तुला बरेच दिवस लोकलमध्ये घालायचे आहेत हे ध्यानात ठेव, कारण २०१७ पासून पगारी रजा २६ आठवड्यांची झाली असली आणि त्यांतले ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येत असले, तरी बाळाजवळ अधिक राहता यावे म्हणून तू ती आधी फारशी घेणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.

शिवणकामावर माझे घर चालत असूनही मी गरोदर बायकांच्या नव्या ड्रेसची शिलाई नाकारत आले, आणि यावरून मी घरात पुष्कळ ऐकून घेतले आहे. कळी घालण्याचे जे मिळे त्याच्या कितीतरी पट नव्या ड्रेसचे मिळाले असते. आमच्याच गल्लीतला दुसरा शिंपी त्या बायकांना झालरींचे ड्रेस शिवून देई आणि मला धंदा कळत नाही असे गिऱ्हाइकांना सांगे. ज्या अंगाचे माप महिन्या-महिन्याला बदलते त्याला नवा ड्रेस कोणत्या मापाने शिवायचा, याचे उत्तर त्याने मला कधी दिले नाही. वाचलेल्या पैशांतून ब्रा घ्या असे मी प्रत्येकीला सांगत असे. काहींनी घेतली, काहींनी हसून त्याच्याकडे ड्रेस टाकला. मी हट्टी होते असे म्हणतात. होतेच, आणि माझ्या हट्टामुळे कोणाच्या बरगड्यांवर वळ उठले नाहीत.

डोहाळजेवणाला हिरवी साडी हवीच. ती जावेची किंवा नणंदेची घे, कारण तीन-चार तासांच्या ओटीभरणासाठी साडी विकत घेण्याइतके आपले पैसे वर आलेले नाहीत. परकर मात्र स्वतःचा, रुंद पट्ट्याचा असू दे, आणि त्याची नाडी पोटाखाली, सैल बांध. वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशा दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या कमरेवर वर्षानुवर्षांच्या करकचून बांधण्याने जखम होऊन तिचा कर्करोग झाला. त्यांतली एक परकर न घालता लुगडेच घट्ट नेसणारी होती. तुझ्या काही महिन्यांत असे होणार नाही, पण कमरेवर काळा पट्टा पडणे हे बाईच्या जातीचे लक्षणच समजणाऱ्या आपल्या घरांत हे कोणीतरी सांगायला हवे.

चपला संध्याकाळी घे, पाय सुजलेले असताना, मागे पट्टा असलेल्या आणि सपाट. चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक सूज आली आणि सोबत डोके दुखू लागले, तर तो चपलांचा प्रश्न राहत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

रविवारी सकाळी ये. दोन कुर्ते, एक सलवार, ऑफिसची पँट, जुनी ओढणी आणि एक टी-शर्ट आण. शिलाईचे पैसे काढलेस तर ओरडा खाशील. नव्या ब्रा मात्र शनिवारीच घे आणि त्यांतली एक घालून ये, कारण मला माप त्यावरून घ्यायचे आहे, आणि जुनीच घालून आलीस तर मी तुला तशीच बाजारात पाठवीन.

तुझी,
काकू