वाचकांचे प्रश्न : वाढता ताफा आणि इंधनाचा हिशेब

प्रश्न : इंडिगोने शेकड्यांनी नवी विमाने मागवली आहेत. ती जुन्या विमानांपेक्षा कमी इंधन जाळतात, म्हणून पर्यावरणाला पोषक आहेत, असे सांगितले जाते. विमाने वाढवत नेल्याने प्रदूषण कमी कसे होईल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कमी इंधन जळते हे खरे आहे, पण ते प्रत्येक आसनामागे. ऑगस्ट २००६ मध्ये सेवा सुरू केलेल्या या कंपनीने जून २०२३ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात एअरबसकडे ए३२० निओ मालिकेतील ५०० विमानांची मागणी नोंदवली. तोपर्यंत जगातल्या कोणत्याही विमान कंपनीने एवढी मोठी मागणी एका वेळी नोंदवली नव्हती. त्याच वर्षी, बारा महिन्यांत १० कोटी प्रवासी नेणारी ती पहिली भारतीय कंपनी ठरली.

बचत कशी होते, हे विमानतळावरच्या बसमधून उतरून शिडीकडे चालत जाताना डोळ्यांनी पाहता येते. जुन्या ए३२० विमानांवरील इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या पंख्याचा व्यास सुमारे १.६ मीटर होता, तर निओच्या इंजिनाचा पंखा जवळजवळ २ मीटरचा आहे. मोठा पंखा पुष्कळ हवा सावकाश मागे ढकलतो आणि तेवढ्याच जोरासाठी त्याला कमी इंधन पुरते. पंखांची वर वळलेली टोके हवेचा अडथळा कमी करतात, ती वेगळीच. एकूण बचत सुमारे १५ टक्के धरली जाते, आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही कामगिरी मोठीच आहे.

आता तुमच्या शंकेकडे वळू. विमानाचे १ टन इंधन जळले की सुमारे ३.१६ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण इंधनातील कार्बनला हवेतला प्राणवायू येऊन मिळतो. मुंबई-दिल्ली फेरीला साडेचार टन इंधन लागते असे धरले, तर १८० आसनांच्या विमानात दर आसनामागे सुमारे ८० किलो वायू बाहेर पडतो. प्रत्येक फेरीचे इंधन १५ टक्क्यांनी घटले आणि फेऱ्या मात्र दुप्पट झाल्या, तर एकूण उत्सर्जन पूर्वीच्या १.७ पट होते. म्हणून कोणत्याही कंपनीचा पर्यावरण अहवाल हाती आला, की आसनामागचा आकडा वाचून थांबू नये. वर्षभरात जाळलेल्या एकूण इंधनाचा आकडा शोधावा आणि तो मागच्या वर्षाशी ताडून पाहावा. माझ्या मते खरी कसोटी तीच आहे.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. निओच्या दोनपैकी एका बनावटीच्या इंजिनात धातूच्या भुकटीपासून घडवलेल्या भागांमध्ये दोष आढळला आणि तपासणीसाठी इंडिगोची सत्तरहून अधिक विमाने जमिनीवर राहिली. मार्ग बंद पडू नयेत म्हणून कंपनीला जुन्या धाटणीची, जास्त इंधन खाणारी विमानेही भाड्याने घ्यावी लागली. नवे तंत्र टिकाऊ नसेल, तर त्याची बचत अशी हातची जाते.

जमिनीवरचे लहान उपाय मात्र मनापासून स्वागत करावे असे आहेत. उतरल्यावर विमान धावपट्टी सोडून वळते, तेव्हा कधी कधी एका बाजूची घरघर अचानक मंदावते. एक इंजिन बंद करून उरलेले अंतर दुसऱ्यावर कापले जाते. जवळच्या शहरांसाठी ७८ आसनांची, उघड्या पंख्यांची लहान एटीआर विमाने वापरणेही योग्यच आहे. ती हळू जातात, त्यांच्या पंख्यांचा आवाज होतो, पण थोड्या अंतराला ती जेट विमानापेक्षा बरेच कमी इंधन घेतात.

प्रश्न : उसापासून विमानाचे इंधन बनते, असे ऐकले. आमच्या भागातील कारखान्यांना त्याचा उपयोग होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बनते, आणि त्यात पुण्याचा वाटा आहे. १९ मे २०२३ रोजी तेव्हाच्या एअर एशिया इंडियाचे विमान नेहमीच्या इंधनात असे इंधन मिसळून पुण्याहून दिल्लीला गेले. ते इंधन पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने इंडियन ऑइलच्या सहकार्याने उपलब्ध केले होते. मळीपासून इथेनॉल आणि इथेनॉलपासून विमानाचे इंधन, असा हा मार्ग आहे. जळताना त्यातूनही जवळपास तेवढाच वायू निघतो. पण तो कार्बन उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, आणि फायदा तिथे आहे. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आहे, त्यामुळे मागणी येणार हे नक्की.

तरीही सांगलीकरांना कळकळीने सांगावेसे वाटते, की मळी हे साखरेबरोबर येणारे उपउत्पादन आहे, तोवर हा व्यवहार चांगला. थेट उसाचा रस त्यासाठी वळवायचा आणि त्या हिशेबाने लागवड वाढवायची ठरली, तर विमानाच्या इंधनाचे पाणी आपल्या विहिरींतून आणि कालव्यांतून जाईल. वापरलेल्या खाद्यतेलापासूनही असे इंधन बनते, आणि हॉटेलांतील व फरसाणाच्या भट्ट्यांवरील जळके तेल गोळा करण्याची नीट व्यवस्था उभी राहिली, तर तो मार्ग मला अधिक निर्धोक वाटतो.

प्रश्न : मुंबईहून युरोपला थेट उड्डाणे वाढत आहेत. त्यांना काही वेगळे नियम आहेत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आहेत. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून ॲमस्टरडॅम आणि मँचेस्टर हे मार्ग भाड्याच्या बोइंग ७८७ विमानांनी सुरू केले. लांब पल्ल्यासाठी तिने ए३५० विमानेही मागवली आहेत, आधी ३० आणि मग आणखी ३०. युरोपीय संघातील विमानतळांवर इंधन पुरवणाऱ्यांना २०२५ पासून किमान २ टक्के शाश्वत इंधन (खनिज तेलाऐवजी वापरलेल्या खाद्यतेलासारख्या स्रोतांपासून बनवलेले) मिसळणे सक्तीचे आहे आणि २०५० पर्यंत हे प्रमाण ७० टक्क्यांवर न्यायचे आहे. ॲमस्टरडॅमहून मुंबईला परतताना भरलेले इंधन त्या नियमाखाली येते. मँचेस्टरला ब्रिटनचा स्वतंत्र नियम लागू आहे.