गुरुत्वाकर्षण मोजून पोट भरेल का?

प्रश्न: मुलगी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुरुत्वाकर्षण मोजून जमिनीखालच्या तेल-वायूच्या साठ्यांवर लक्ष ठेवतात, असं वाचल्यापासून तिला त्यातच करिअर करायचंय. तेलाचे दिवस भरलेत म्हणतात. शिवाय हे काम म्हणजे कायम समुद्रावरच राहायचं का? – एक वडील

उत्तर: नमस्कार. तिने वाचलं ते खरं आहे. वायू उपसला की त्याच्या जागी बऱ्याचदा पाणी शिरतं. पाणी वायूपेक्षा कितीतरी जड, त्यामुळे वरचं गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं. (तेल आणि पाण्याच्या घनतेत फरक थोडा, म्हणून तिथे ही पद्धत तितकी चालत नाही.) 'किंचित' म्हणजे काही मायक्रोगॅल, आणि एक मायक्रोगॅल हा पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा साधारण अब्जावा भाग! उपकरण १ सेंटीमीटर वर-खाली झालं तरी आकडा सुमारे ३ मायक्रोगॅलने हलतो. चंद्र-सूर्याच्या ओढीचा परिणाम तर त्याच्या कित्येक पट. म्हणून नॉर्वेच्या ट्रोल वायूक्षेत्रात १९९८ साली समुद्रतळावर काँक्रीटचे ठोकळे ठेवून मोजणी झाली आणि पुढे काही वर्षांच्या अंतराने त्याच ठोकळ्यांवर ती पुन्हा केली गेली.

म्हणजे खरं काम वजाबाकीचं. भरती-ओहोटी, तळाचं खचणं, उपकरणाची स्वतःची सरकती चूक, हे सगळं काढून टाकल्यावर जे उरेल ते साठ्याचं. त्यातही घोळ असा, की वरचा तोच आकडा खालच्या वेगवेगळ्या रचनांमुळे येऊ शकतो. मग भूकंपलहरींची माहिती आणि विहिरींमधला दाब जोडीला घ्यावा लागतो. ज्याला एकच पक्कं उत्तर हवं असतं, तो इथे वैतागतो.

समुद्रावरची मोहीम थोड्या दिवसांची. बाकीचा काळ संगणकापुढे. जमिनीवरही मोजणी होते. अलास्कातल्या प्रडो बे इथे तर गोठलेल्या समुद्रावर उपकरणं नेऊन ती केली आहे.

तेलाबद्दलची तुमची काळजी रास्त आहे. भाव पडले की या धंद्यात नोकरभरती थांबते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हेच कौशल्य भूजल, भूऔष्णिक ऊर्जा आणि ज्वालामुखींच्या अभ्यासातही लागतं. नॉर्वेच्याच स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली सोडला गेला. त्यावर नजर ठेवायलाही गुरुत्वमापन वापरलं.

माझा सल्ला असा, की तिने भूभौतिकीत (जिओफिजिक्समध्ये) एमएस्सी करावं, पण फक्त गुरुत्वमापन धरून बसू नये. निव्वळ त्याच्या नोकऱ्या जगभर मोजक्याच आहेत. सोबत सिस्मिक (म्हणजे भूकंपलहरींवरून जमिनीखालचं ओळखणं), सांख्यिकी आणि पायथन ही संगणकाची भाषा हवीच. सुट्टीत तिला एक छोटा प्रोग्रॅम लिहायला सांगा: जमिनीखालच्या गोळ्याचं वस्तुमान बदललं, तर वर आकडा किती बदलेल? खोली दुप्पट केली की गोळ्याच्या डोक्यावरचा परिणाम चौथाई होतो का, हे तिचं तिलाच पडताळू दे. त्यात रमली, तर पुढे अडवू नका.

प्रवेश घेताना विभागात एक प्रश्न आवर्जून विचारा: इथे ग्रॅव्हिमीटर (गुरुत्वाकर्षण मोजायचं उपकरण) आहे का, आणि तो विद्यार्थ्यांच्या हातात देता का?