मुलीची ठेव मोडून पिशव्यांचे दुकान टाकावे का?

पैठणहून एका भगिनीने सविस्तर पत्र लिहिले असून सोबत आपल्या हिशेबाच्या वहीतील चार पानांची छायाचित्रे आणि नमुन्याची एक कुंची पाठवली आहे. पत्राचा गोषवारा असा. त्या नऊ वर्षांपासून घरी ब्लाउज शिवतात. दोन वर्षांपासून त्यांनी जुनी ताडपत्री, हिमरूचे (सुती-रेशमी विणीच्या नक्षीदार कापडाचे) कातरण, पैठणीचे जुने काठ आणि घोंगडीचे तुकडे वापरून पिशव्या आणि बटवे शिवायला सुरुवात केली; त्याच्याच जोडीला दुपटे, झबले, कुंची, लाळेरे आणि लंगोट असा बाळंतविडाही त्या तयार करतात. ब्लाउजचे उत्पन्न सोडून या मालाची महिन्याची विक्री सरासरी १८,००० रुपये आहे. यजमान औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार असून त्यांच्या हाती १६,००० रुपये येतात. थोरली मुलगी दहावीला आहे आणि तिच्या पुढच्या शिक्षणासाठी ३ लाख रुपये ठेवीत आहेत. ती ठेव मोडून नाथमंदिराच्या रस्त्यावर गाळा घ्यावा, जाड शिलाईच्या दोन मशीन घ्याव्यात आणि कापडाचा एक मोठा लॉट एकदम उचलावा, असा त्यांचा विचार आहे. खर्चाची मांडणी त्यांनी स्वतःच दिली आहे: गाळ्याची अनामत ६०,०००, दोन मशीन ९६,०००, ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवणारी मशीन) २२,०००, कापडाचा लॉट ९०,००० आणि फळ्या, पाटी, वीजजोडणी मिळून ३२,०००. गाळ्याचे भाडे महिना ७,००० रुपये आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची वही मी दोनदा वाचली. प्रत्येक वस्तूसमोर तुम्ही मालाचा खर्च तर लिहिलाच आहे, पण शिवायला लागलेला वेळही लिहिला आहे. माझ्याकडे येणाऱ्या शंभर पत्रांत एखाद्या पत्रातही हा वेळ नोंदलेला नसतो, आणि घरगुती व्यवसायाचा खरा निकाल तिथेच लागतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी तुमच्याच आकड्यांवरून देता येते.

ताडपत्रीची पिशवी तुम्ही ३५० रुपयांना विकता. धुणे, कापणे, शिवणे मिळून तिला १ तास ५० मिनिटे लागतात. ताडपत्री, चेन, पट्टा आणि दोरा यांचा खर्च १०५ रुपये आहे, म्हणजे हातात २४५ उरतात आणि तासाला साधारण १३४ रुपये पडतात. हिमरूच्या बटव्याला २८० रुपये मिळतात, ७० रुपये खर्च होतो आणि तो तासाभरात होतो. म्हणजे तासाला २१० रुपये. बाळंतविड्याचा संच ८५० रुपयांना जातो आणि वहीत तोच सगळ्यांत भारदस्त दिसतो. परंतु त्यात ३१० रुपयांचा माल आणि साडेपाच तासांची मेहनत आहे. ५४० रुपये भागिले साडेपाच केले तर तासाला ९८ रुपये उरतात. तुम्ही अस्तराचा ब्लाउज ३०० रुपयांत शिवता, त्यात ३० रुपये खर्च आणि दोन तास जातात, म्हणजे त्याचेही तासाला १३५ पडतात. थोडक्यात, ज्या कामाला तुम्ही मोठे पाऊल समजत आहात, त्यातला निम्मा भाग तुम्हाला ब्लाउजपेक्षा कमी मजुरी देतो आहे.

महिन्याचा हिशेब पाहिला तर हे आणखी स्पष्ट होते. २४ पिशव्यांना ४४ तास लागले आणि त्यांतून ५,८८० रुपये उरले. ८ संचांनाही बरोबर ४४ तासच लागले, पण उरले ४,३२०. दहा बटव्यांनी १० तासांत २,१०० दिले. सगळे मिळून ९८ तासांचे १२,३०० रुपये झाले. आता याच्यासमोर गाळ्याचे ७,००० रुपये भाडे ठेवा. तासाला १३४ या दराने केवळ भाड्यासाठी तुम्हाला महिन्याला ५२ तास शिवावे लागेल, म्हणजे आज पिशव्यांसाठी जितका वेळ देता त्याहूनही जास्त. शिवाय गाळ्यात गिऱ्हाईक आले की हातातले काम बाजूला ठेवून उठावे लागते, ते निराळेच. नाथषष्ठीच्या यात्रेत तुमचा माल चांगला खपतो हे तुम्ही लिहिले आहे आणि ते खरेच असणार. पण त्या काही दिवसांची गर्दी धरून बारा महिन्यांचे भाडे अंगावर घेऊ नये. यात्रेपुरती जागा घ्यावी, ती आजवर घेत आला आहात तशीच. चातुर्मासात लग्ने नसतात, कापूस आणि सोयाबीनचा पैसा हाती येईपर्यंत आपल्या भागातला गिऱ्हाईक हात आखडता घेतो आणि पाऊस रुसला तर तो पुढेही आखडलेलाच राहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यामुळे गाळ्याचा विचार सध्या सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कापडाच्या लॉटबद्दल माझा विरोध याहूनही तीव्र आहे. तुमचा महिन्याचा मालाचा सगळा खर्च, चेन, पट्टे, दोरा धरून, ५,७०० रुपये आहे. ९०,००० रुपयांचा लॉट म्हणजे जवळजवळ सोळा महिन्यांचा माल तुम्ही एका दिवशी विकत घेणार. लॉट वजनावर मिळतो, त्यात निवड करता येत नाही, आणि पहिल्या दोन महिन्यांत चांगले ताव संपले की उरलेले गठ्ठे ओल आणि उंदीर यांपासून सांभाळत बसावे लागते. तुमच्या व्यवसायाचा एक वेगळा नियमही इथे लागू होतो. नेहमीचे कापड संपले तर दुकानात जाऊन तेच पुन्हा आणता येते. विणकराकडचे हिमरूचे कातरण किंवा जुन्या पैठणीचा काठ मात्र संपला की संपला. तुमच्या मालाचे मोल त्या एकमेवपणातच आहे. म्हणून असा माल थोडा थोडा, वारंवार आणि स्वतः हाताळून घ्यावा, आणि त्या शोधाशोधीत जाणारा वेळ वस्तूच्या किमतीत धरावा. पैठण ते छत्रपती संभाजीनगर या फेऱ्यांचा प्रवासखर्च वहीत कुठेच दिसला नाही, तो आजपासून लिहायला घ्या.

आता मशीन. इथे तुमचे म्हणणे रास्त आहे. घरगुती मशीनवर ताडपत्रीचे चार पदर आणि त्यावर नायलॉनचा पट्टा आला की दात्याने (कापड पुढे ढकलणाऱ्या दातेरी पट्टीने) खालचा पदर सरकतो पण वरचा अडकून राहतो, टाके आखडतात आणि सुया मोडतात. महिन्याला मोडलेल्या सुयांची यादी तुम्ही लिहिली आहे, ती वाचून मला नवल वाटले नाही. पाय, सुई आणि दाता तिन्ही मिळून माल पुढे ढकलणारी औद्योगिक मशीन घेतली तर पिशवीचा वेळ सव्वा तासावर येईल असा तुमचा अंदाज आहे. तो मान्य करू. मग एका पिशवीमागे ३५ मिनिटे आणि २४ पिशव्यांमागे महिन्याला १४ तास वाचतात. त्या १४ तासांत ११ पिशव्या जास्त झाल्या आणि त्या विकल्या गेल्या, तर सुमारे २,७०० रुपये जास्तीचे येतील. पण चोवीस पिशव्यांना सव्वा तासाप्रमाणे महिन्यात तीसच तास लागतात, त्यातही धुण्या-कापण्याचा वेळ आहे. म्हणजे एकच मशीन दिवसातला बराच वेळ रिकामी उभी राहील. दुसरीचे काय कारण? मशीन एकच घ्या, ४८,००० रुपयांची, आणि सर्व्हो मोटर असलेलीच घ्या, कारण जुन्या पद्धतीची क्लच मोटर शिवण थांबली तरी फिरत राहते आणि वीज खाते. ओव्हरलॉक सध्या नको. बाळाच्या कपड्यांना आतून गोट लावून कडा झाकणे हेच अधिक चांगले काम आहे आणि ते तुम्हाला येते.

हे ४८,००० रुपये ठेवीतून काढू नका. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. तिच्यात प्रशिक्षणानंतर पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने, विनातारण आणि १८ महिन्यांत फेडण्याच्या बोलीवर मिळते. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर वेगळे. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, हे लक्षात ठेवा. सामाईक सेवा केंद्रात जाऊन शिंपीकामाची नोंदणी सध्या घेतली जाते का ते आधी विचारा. तिथे जमले नाही तर मुद्रा योजनेतील शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज आहे. दोन्हींत फरक किती पडतो तो पाहा. ४८,००० रुपये ५ टक्क्यांनी १८ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २,७७३ आणि एकूण व्याज १,९२० रुपयांच्या आसपास येते. तेच ११ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतले तर हप्ता १,५७१ होतो, पण व्याज ८,५७० रुपयांवर जाते. विचारण्याचा क्रम मात्र उलटा करू नका, कारण न फिटलेले मुद्रा कर्ज असेल तर विश्वकर्माचे कर्ज मिळत नाही. पहिल्या पर्यायाचा हप्ता जास्तीच्या अकरा पिशव्यांतून पुरता निघत नाही, सत्तर-ऐंशी रुपये कमी पडतात, हे मी लपवत नाही. पण तो दीड वर्षात संपतो आणि मशीन पुढे कितीतरी वर्षे चालते.

ठेवीबद्दल एक काळजीची गोष्ट तुमच्या पत्रातच दडली आहे. ३ लाखांपैकी १ लाख रुपये तुम्ही जास्त व्याज मिळते म्हणून पतसंस्थेत ठेवले आहेत. बँकेतील ठेवीला प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. माझ्या मावशीची आयुष्यभराची पुंजी एका पतसंस्थेत अडकली आहे आणि तिच्यासोबत मी कितीदा त्या बंद दारापर्यंत जाऊन परत आलो आहे, त्यामुळे हे मी कळवळून लिहितो आहे. मुदत संपेल त्याच दिवशी ते १ लाख बँकेत आणा. दोन टक्के कमी मिळतील, ते मिळू द्या. यजमानांची नोकरी कंत्राटी आहे. कंत्राट सुटले तर मुलीच्या प्रवेशाची फीच नव्हे, घरखर्चही याच ठेवीतून करावा लागेल.

बाळंतविड्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमचा जीव त्यात आहे हे पत्रावरून जाणवते. तुम्ही पाठवलेली नमुन्याची हिमरूची कुंची मी उलटून पाहिली. समोरून ती देखणी आहेच. पण हिमरूच्या वेलबुट्टीचे जादा धागे मागच्या बाजूला सुटे लोंबत असतात, आणि कुंचीच्या डाव्या कानापाशी अस्तर चार बोटे आखूड पडल्यामुळे ते तिथे उघडे राहिले आहेत. बाळाची नखे त्यात अडकणार. पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी विणलेली असते, त्यामुळे हा त्रास तिच्यात नाही, पण तिची जर बाळाच्या मानेला टोचते. अशा कुंचीला धुतलेल्या मलमलीचे पूर्ण अस्तर हवेच, आणि त्याचा वेळ किमतीत हवा. ब्लाउजइतकी मजुरी पडायची असेल तर आजच्या संचाची किंमत १,०५० रुपयांच्या खाली बसत नाही. तेवढी कोणी देत नसेल तर हिमरूची कुंची संचातून काढून बारशासाठी स्वतंत्र वस्तू म्हणून विका, आणि संचात साधी मलमलीची ठेवा. ताडपत्री आणि खताच्या गोण्या यांचा बाळाच्या वस्तूंना स्पर्शही होऊ देऊ नका. दोन्ही कामांसाठी कैच्या आणि कापायची जागासुद्धा वेगळी ठेवा.

तुम्ही पुढे मोहरीची उशी, कापडी बाहुल्या आणि खुळखुळे करायचे म्हणता. तिथे थांबा. वर्षाच्या आतील बाळाला उशीच देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि शिवण उसवून मोहरी बाळाच्या नाका-तोंडात गेली तर त्याची भरपाई कोणत्याही पैशाने होत नाही. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे, कापडी खेळणीही त्यात आली. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांसाठी यातून सूट आहे. ती नोंदणी हाती येईपर्यंत खेळणी विकायला ठेवू नयेत.

लग्नसमारंभाची व्यवस्था पाहणाऱ्या एका व्यावसायिकाने ३०० बटव्यांची मागणी केली असून पैसे दोन महिन्यांनी देतो म्हणाला, असे तुम्ही लिहिले आहे. तीनशे बटवे म्हणजे ब्लाउज सोडून तुमचे तीन महिन्यांचे सगळे शिलाईचे तास, आणि तितके कातरण एकसारखे मिळणारही नाही. साठ बटवे घ्या, निम्मी रक्कम आगाऊ घ्या. त्याआधी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरीही, ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन कायद्याने खरेदीदारावर आहे आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कागदावर त्याची सही घ्या.

मशीन पाहायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. धुतलेल्या ताडपत्रीचे पाच-सहा तुकडे, पट्टा, चेन आणि तुमचा नेहमीचा दोरा पिशवीत घाला. दुकानदार स्वतःच्या कापडावर शिवून दाखवील, ते पाहू नका. तुमच्या मालावर, तुम्ही स्वतः बसून, पट्ट्याच्या जोडाची चौकट सलग दहा वेळा शिवा आणि घड्याळ लावून एक अख्खी पिशवी पूर्ण करा. ती दीड तासाच्या आत झाली नाही, तर कर्जाचा अर्ज भरण्याआधी मला पुन्हा लिहा.