एडीएचडीसाठी जनुकीय चाचणी करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाला एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान झालं आहे, एका लॅबने 'जीन पॅनेल', म्हणजे ठरावीक जनुकांची एकत्र चाचणी, सुचवलं आहे, ते करावं का? आणि घरात जो वाद पेटला आहे, की हे तुमच्या माहेरून आलं की सासरहून, त्याचा निकाल त्यातून लागेल का?

नाही आणि नाही. मी डॉक्टर नाही, पण जनुकीय डेटावर काम करते, त्यामुळे कारणही सांगते.

एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, याबद्दल आता फारसा वाद नाही. जुळ्यांवरच्या ३७ अभ्यासांची सरासरी ७४ टक्के येते. मात्र 'माझ्या मुलाचा ७४ टक्के त्रास जनुकांमुळे' असा त्याचा अर्थ होत नाही. हा आकडा एका मुलाबद्दल काही सांगतच नाही. समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकीय फरकांशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. जुळी एकाच घरात वाढतात, पण एकबीज जुळ्यांचा डीएनए जवळपास सारखा असतो आणि द्विबीज जुळ्यांचा सरासरी निम्मा जुळतो. दोन्ही प्रकारच्या जोड्यांत साम्य किती कमी-जास्त आहे, त्यावरून हा हिशोब निघतो.

वाटा एवढा मोठा, तर जनुक सापडायला हवं होतं, असं सगळ्यांनाच वाटलं. एडीएचडीची औषधं डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनावर काम करतात, म्हणून शोध डोपामिनच्या जनुकांपासून सुरू झाला. १९९५ मध्ये डोपामिन ट्रान्सपोर्टरचं (डोपामिन पेशीत परत ओढणाऱ्या प्रथिनाचं) जनुक पुढे आलं, १९९६ मध्ये डीआरडी४, म्हणजे डोपामिनचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाचं जनुक. तुमच्या लॅबच्या पत्रकात बहुधा हीच दोन नावं ठळक असतील. डीआरडी४ मध्ये डीएनएच्या ४८ अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो; कुणात चार वेळा, कुणात सात वेळा. सात वेळा असला की धोका, असं मांडलं गेलं. आता गंमत पाहा. जगभरात या जनुकाच्या साधारण पाचातल्या एका प्रतीत हा 'सातवाला' प्रकार असतो, आणि त्यातले बहुतेक लोक अगदी व्यवस्थित असतात. उलट पूर्व आशियात तो फारच विरळा, पण एडीएचडी असलेली मुलं तिथेही आहेतच. अहवालात 'पॉझिटिव्ह' आलं तर काय कळणार आणि 'निगेटिव्ह' आलं तर काय सुटणार?

खरी प्रगती झाली ती अंदाज बाजूला ठेवून सगळा जीनोम (माणसाचा संपूर्ण डीएनए) चाळायला घेतल्यावर. यात डेन्मार्कचा वाटा मोठा आहे. तिथे नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून १९८० च्या दशकापासून जपून ठेवले आहेत. पुढे त्यातल्या कुणाला एडीएचडीचं निदान झालं ते राष्ट्रीय नोंदींतून कळतं, आणि त्या वाळलेल्या थेंबातून डीएनए काढता येतो. २०१९ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेल्या अभ्यासात सुमारे २०,००० रुग्ण होते आणि एडीएचडीशी जोडलेल्या जीनोमवरच्या १२ जागा पक्क्या झाल्या. २०२३ मध्ये ३८,६९१ रुग्ण आणि २७ जागा. भाषेशी संबंध जोडलं जाणारं फॉक्सपी२ हे जनुक पहिल्या यादीत होतं. डोपामिनची ती दोन गाजलेली जनुकं नव्हती. (पुनरावृत्तीचे तुकडे अशा अभ्यासांत थेट मोजले जात नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण म्हणून जुना दावा सिद्ध होत नाही.)

एकेका जागेचा परिणाम मात्र नगण्य. एका फरकाने शक्यता १.१ पटीच्या आसपास सरकते, आणि असे हजारो फरक आहेत. त्यातले बरेचसे नैराश्य, ऑटिझम अशा इतर गोष्टींशीही जोडलेले. हे सगळे धरूनही २०२३ च्या अभ्यासात माणसामाणसांतल्या फरकाचा हिशोब १४ टक्क्यांपर्यंतच लागला. जुळ्यांवरून आलेल्या ७४ शी तुलना करा. सगळ्या फरकांची बेरीज करून 'पॉलिजेनिक स्कोअर' काढतात, तो हजारोंच्या गटात उपयोगी पडतो, एका मुलासाठी नाही. शिवाय हे अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेत, त्यामुळे इतरांत तो आणखी ढेपाळतो.

चाचणीला अर्थ कधी असतो? एडीएचडीबरोबर बौद्धिक विकासात मोठा उशीर असेल, फिट येत असतील, जन्मजात व्यंग असेल, तर डॉक्टर मायक्रोअरे (गुणसूत्रांतले कमी-जास्त तुकडे शोधणारी चाचणी) किंवा फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकाराची तपासणी सांगतात. गुणसूत्राचे मोठे तुकडे गळालेले किंवा दुप्पट झालेले असू शकतात, आणि एडीएचडी असलेल्या मुलांत असे तुकडे इतरांपेक्षा जास्त सापडतात, हे २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं होतं. पण ती वेगळी तपासणी; पत्रकातलं पॅनेल नव्हे.

राहिला माहेर-सासरचा वाद. हे हजारो बारीक फरक दोन्हीकडून येतात, आणि तुम्हा दोघांत प्रत्येकी ते थोडे थोडे असले तरी मुलाच्या वाट्याला जास्त येऊ शकतात. धाकट्या मुलीलाही हे होईल का, असंही तुम्ही विचारलंत: सख्ख्या भावंडात शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते, म्हणून तिच्याकडे लक्ष ठेवा. लक्षणं दिसली तर निदान गप्पा, शाळेचा अनुभव आणि प्रश्नावल्या यांवरूनच होईल, मुलाचं झालं तसंच. आणि तुम्हा दोघांपैकी कुणाला लहानपणापासून असंच होत आलं असेल, तर स्वतःचीही तपासणी करून घ्या; पॅनेलचे पैसे त्यावर खर्च करा.