किमान वेतन वाढवलं की नोकऱ्या जातात, हे गणित इतकं सरळ असताना अर्थतज्ज्ञ अजून का भांडतात?

तुमचा मुद्दा असा, की वस्तू महागली तर खप घटतो, मग कायद्याने मजुरी वाढवल्यावर कामगारांची मागणी घटणारच, यात वाद कसला? आणि खरंच घटत नसेल, तर वेतन थेट दुप्पट का करत नाहीत? दोन्ही शंका रास्त आहेत. मी पदवीच्या वर्गाला हा विषय शिकवतो आणि मागणी-पुरवठ्याच्या रेषा फळ्यावर काढून झाल्या, की कुणीतरी नेमकं हेच विचारतं.

तुमच्या गणितात एक गृहीतक दडलेलं आहे: मजुरीचा दर बाजार ठरवतो, मालक नाही. म्हणजे मालकाने चालू दरापेक्षा किंचित कमी दिलं, की झाडून सगळे कामगार शेजारच्या कारखान्यात जातील. नोकरी बदललेल्या कुणालाही विचारा, असं होतं का? अर्ज, मुलाखती, मधले बिनपगारी दिवस, वाढलेलं अंतर, मुलांची शाळा, नव्या साहेबाचा स्वभाव कसा असेल याची धास्ती. पगार 5 टक्के कमी असला तर काही जण जातात, पण बहुतेक जण कुरकुर करत राहतात. मेख आहे ती इथेच.

आता आकडे घेऊ, चलन कुठलंही धरा. एका मालकाकडे 10 कामगार आहेत, प्रत्येकाला ताशी 100. अकरावा माणूस 105 शिवाय यायला तयार नाही. त्याला 105 दिले, की जुने दहाही 105 मागणार. म्हणजे अकराव्याचा खरा खर्च 105 नाही. त्याचे 105 आणि दहा जणांचे प्रत्येकी 5, असे एकूण 155. तो तासाला 140 चं काम करून देत असला तरी मालक त्याला घेणार नाही. जागा रिकामी ठेवणं परवडतं.

आता कायद्याने किमान वेतन 105 केलं. जुन्या दहांना 105 द्यावेच लागतात, मग अकरावा फक्त 105 ला पडतो आणि 140 चं काम करतो. मालक त्याला घेतो. वेतन वाढलं आणि रोजगारही वाढला. पण किमान वेतन 145 केलं, तर अकरावा परत बाहेर, आणि दहाव्यावरही गदा येऊ शकते. म्हणजे एकाच कायद्याचे दोन उलटे परिणाम होऊ शकतात, आणि कुठला होईल हे दर किती ठेवला त्यावर ठरतं.

मजुरी ठरवायची ताकद अशी मालकाच्या हातात असण्याला ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्ये मोनोप्सनी म्हटलं. नंतर बरीच वर्षं ते एकच खाण असलेल्या गावापुरतं उदाहरण समजलं गेलं, पाठ्यपुस्तकात एखादं पान देऊन पुढे जायचं. माझ्या मते ही मोठी गफलत होती. मालकाला ही ताकद मिळायला गावात एकच खाण असावी लागत नाही, नोकरी बदलणं महाग असलं तरी पुरतं. शिवाय मालक ती ताकद स्वतःही वाढवतात. ॲलन क्रूगर आणि ऑर्ली ॲशेनफेल्टर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या मोठ्या फ्रँचायझी साखळ्यांचे करार तपासले, तर निम्म्याहून जास्त साखळ्यांत 'आपल्याच साखळीतल्या दुसऱ्या शाखेचा कामगार पळवायचा नाही' असं कलम निघालं. बाजार दर ठरवत असता तर असल्या कलमाची गरजच काय होती?

प्रत्यक्ष पुराव्याकडे येऊ. 1 एप्रिल 1992 ला न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते 4.25 च राहिलं. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि हेच क्रूगर यांनी दोन्हीकडच्या मिळून 410 फास्ट फूड दुकानांना वाढीच्या आधी आणि सात-आठ महिन्यांनी फोन केले. फोन न उचलणाऱ्या दुकानांत माणूस पाठवला, कायमचं बंद पडलेलं दुकान शून्य कामगार म्हणून मोजलं. हा तपशील मला फार आवडतो. नाहीतर बुडालेली दुकानं हिशोबातून गळाली असती आणि निकाल आपोआप गोजिरा दिसला असता. न्यू जर्सीत दुकानामागे कामगारांची सरासरी (अर्धवेळ कामगार अर्धा धरून) 20.4 वरून 21.0 झाली, पेनसिल्व्हेनियात 23.3 वरून 21.2. नुसतं न्यू जर्सी पाहिलं तर फारसं काही घडलेलं नाही. पण शेजारी मंदीमुळे माणसं कमी होत असताना इथे ती टिकली, हा खरा निकाल. वाढीचा काही भार खाद्यपदार्थांच्या किमतींवर गेल्याचंही त्यांना दिसलं.

यावर गदारोळ झाला. न्यूमार्क आणि वॉशर या अर्थतज्ज्ञांनी दुकानांच्या पगारपत्रकांवरून उलट निष्कर्ष काढला. मग कार्ड-क्रूगर यांनी सरकारी नोंदींवरून हिशोब परत केला आणि परिणाम जवळजवळ शून्य आला. 2021 मध्ये कार्ड यांना नोबेल मिळालं. क्रूगर 2019 मध्येच गेले होते. त्याच 2019 मध्ये आलेल्या एका अभ्यासात अमेरिकी राज्यांतल्या 1979 ते 2016 मधल्या 138 वेतनवाढी एकत्र तपासल्या आहेत. नव्या किमान दराखालच्या जितक्या नोकऱ्या नाहीशा झाल्या, साधारण तितक्याच त्या दरावर किंवा जरा वर उगवल्या. थोडक्यात, बहुतेक नोकऱ्या गेल्या नाहीत, त्यांचा पगार वाढला.

पण माणसं मोजून भागत नाही, तासही बघावे लागतात. सिॲटल शहराने 2016 मध्ये मोठ्या मालकांसाठी दर 13 डॉलर केला, तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाला कमी पगाराच्या कामाचे तास सुमारे 9 टक्क्यांनी घटलेले आढळले, तर ताशी वेतन 3 टक्क्यांच्या आसपासच वाढलं होतं. या अभ्यासात अनेक शाखा असलेल्या कंपन्या धरलेल्या नव्हत्या, त्यामुळे मी तो निर्णायक मानत नाही, पण उडवूनही लावत नाही.

आता दुप्पट का नाही? 1938 च्या अमेरिकी कायद्याने ताशी 25 सेंटचा किमान दर पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटालाही लागू झाला. मुख्य भूमीवर तो बहुतेकांच्या मजुरीच्या खाली होता. पोर्तो रिकोत मात्र कित्येकांची कमाई त्याहून कितीतरी कमी होती, विशेषतः घरबसल्या शिवणकाम-भरतकाम करणाऱ्या बायकांची. त्यांना तो दर देऊन धंदा चालणं शक्यच नव्हतं. 1940 मध्ये अमेरिकी संसदेला कायदा दुरुस्त करून तिथे उद्योगनिहाय वेगळे, कमी दर ठरवायची मुभा द्यावी लागली. म्हणून एखाद्या वाढीवर मत बनवताना मी नुसता आकडा बघत नाही. सगळ्या कामगारांची मजुरी चढत्या क्रमाने लावली तर बरोबर मधल्या माणसाला किती मिळतं, आणि किमान दर त्याच्या कितपत जवळ आला आहे, हे आधी शोधतो.